कलिंगडाच्या वेलाखालची वस्ती

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. दुपारी तीनच्या सुमारास एका बाईंना त्यांच्या दिराने आणि पुतण्याने मोटारसायकलवर मध्ये बसवून माझ्या दवाखान्यात आणले. वय पस्तिशीच्या आसपास. तोंडातून लाळ गळत होती, अंग घामाने भिजलेले, पोटात मुरडा आणि वाटेत दोन उलट्या झालेल्या. ऊन लागले असावे, असे दिराचे म्हणणे. मी बॅटरी मारून डोळे पाहिले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. ऊन लागलेल्या माणसाच्या बाहुल्या अशा होत नाहीत आणि त्याच्या तोंडाला कोरड पडते, लाळ सुटत नाही. सकाळपासून रानात काय काम चालले होते, असे विचारले तेव्हा उलगडा झाला. कलिंगडाच्या वेलांच्या बुडाशी दाणेदार औषध घालायचे होते. घमेल्यात माती आणि औषध हातानेच कालवून बाई मूठमूठ टाकत गेल्या होत्या. हातात मोजे नव्हते. बारा वाजता नुसत्या पाण्याने हात खळबळून त्यांनी भाकरी खाल्ली होती.

औषध कार्बोफ्युरॉन होते. अॅट्रोपिन सुरू करून, सलाईन लावून मी त्यांना तालुक्याच्या रुग्णालयात पाठविले. या जातीच्या विषाचा अंमल लवकर उतरतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या उठून बसल्या. आठवड्याने त्यांचे यजमान दोन कलिंगडे घेऊन दवाखान्यात आले. मी गमतीने विचारले, "यात औषध नाही ना?" ते हसले, पण लगेच गंभीर झाले. म्हणाले, "डॉक्टर, औषधाशिवाय आता येलच उभा राहत न्हाई. पयलं असं नव्हतं. नांगर धरला की मागं बगळ्यांची रांग लागायची. आता एक बगळा येत न्हाई. खायला काय ऱ्हायलंच न्हाई मातीत."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. आरोग्याच्या सदरात किडामुंगीचे काय काम, असे कोणी म्हणेल. पण ज्या औषधाने मातीतले किडे संपले, त्याच औषधाने त्या बाईंची लाळ गळत होती. आणि मातीतले उपयोगी जीव संपले की पुढच्या हंगामात आणखी एक पुडा आणावा लागतो, आणखी एक हात घमेल्यात जातो. म्हणून आज मधुमेह-रक्तदाब बाजूला ठेवून वेलाखालच्या या वस्तीत डोकावू या.

गांडूळ शेतकऱ्याचा मित्र आहे हे आपण शाळेत घोकलेले असते, पण गांडूळ हा त्या वस्तीतला फक्त मोठा आणि डोळ्यांना दिसणारा रहिवासी. त्याच्या शेजारी वाणी असतो, ज्याला काही भागांत पैसा म्हणतात. तो कुजका पाला कुरतडतो. गोम असते, ती शिकार करते. काळे चकचकीत भुंगेरे रात्री बाहेर पडून अळ्या आणि कोष खातात. मुंग्या आणि वाळवी सर्वांच्या ओळखीच्या. त्याहून लहान, तिळाएवढे किंवा तिळाहून बारीक, असे स्प्रिंगटेल नावाचे जीव असतात. त्यांच्या पोटाखाली दुमडलेला एक काटा असतो. धोका वाटला की तो काटा सुटतो आणि प्राणी टुणकन उडतो. हे जीव बुरशी चरतात. खसखशीच्या दाण्याएवढे कोळ्याच्या कुळातले माइट असतात. काही पाला खातात, काही इतरांना खातात. आणि सर्वांत शेवटी सूत्रकृमी, पारदर्शक धाग्यासारखे, सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारे. चांगल्या जमिनीच्या एका चौरस मीटरमध्ये ते लाखांनी असतात.

सूत्रकृमी म्हटले की कलिंगडवाल्या शेतकऱ्याच्या कपाळावर आठी पडते. ती रास्तच आहे. मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमी हा या पिकाचा मोठा शत्रू. पाणी असूनही दुपारी वेल माना टाकतात, उपटून पाहावे तर मुळांवर मण्यांच्या माळेसारख्या गाठी. पण सूत्रकृमींमध्ये पिकाला छळणाऱ्या जाती थोड्या. बाकीच्या जिवाणू खातात, बुरशी खातात, काही तर दुसऱ्या सूत्रकृमींना गिळतात. आपल्या आतड्यात जसे रोगजंतूंपेक्षा निरुपद्रवी आणि उपयोगी जंतू अधिक असतात, तसेच हे. पोट बिघडले म्हणून आम्ही डॉक्टर ऊठसूट जंतुनाशक गोळ्या दिल्या की आतड्यातली चांगली वस्तीही उठते आणि जुलाब थांबण्याऐवजी वाढतात. मातीतही नेमके हेच घडते. फरक इतकाच, की मातीला जुलाब होत नाहीत, त्यामुळे तिची तक्रार उशिरा कळते.

चार्ल्स डार्विनने आयुष्याच्या अखेरीस, १८८१ साली, गांडुळांवर एक पुस्तक लिहिले. माणसाच्या वंशाबद्दल लिहून जगभर खळबळ उडविणारा हा माणूस गांडुळाची विष्ठा वर्षानुवर्षे मोजत बसला होता. इंग्लंडच्या पुष्कळ भागांत दरवर्षी एकरी दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या पोटातून जाते, असा त्याचा हिशेब होता. आपल्या काळ्या रानात आणि आपल्या हवामानात हा आकडा तोच असेल असे नाही, पण काम तेच. गांडुळाच्या बिळांतून पाणी खाली जाते, मुळांना हवा मिळते, आणि त्याने टाकलेल्या बारीक गोळ्यांमध्ये नत्र-स्फुरद वेलाला घेता येईल अशा रूपात असते. कलिंगडाच्या मुळांना पाणी साचलेले अजिबात सोसत नाही. भुसभुशीत, निचऱ्याचे रान त्याला हवे, आणि ते करून देणारा बिनपगारी गडी गांडूळच.

आता कार्बोफ्युरॉन या गड्याला कसे मारते ते पाहा. आपल्या नसेतून स्नायूला हुकूम जातो तो अॅसिटिलकोलीन नावाच्या रसायनामार्फत. हुकूम पोचला की एक विकर ते रसायन लगेच तोडून टाकते, नाहीतर स्नायू आकसलेलाच राहील. कार्बामेट आणि ऑर्गॅनोफॉस्फेट या दोन्ही गटांची औषधे त्या विकराला जखडून ठेवतात. मग हुकूम थांबतच नाही. लाळ, घाम, श्वासनळीतला स्राव वाहत राहतो, बाहुल्या आकुंचित राहतात, स्नायू फडफडतात, आणि मात्रा मोठी असेल तर श्वास बंद पडतो. ही नस-विकराची जोडी तांबड्या भुंगेऱ्यात आहे, गांडुळात आहे, बगळ्यात आहे आणि तुमच्या-माझ्यातही आहे. औषधाला शत्रू-मित्र कळत नाही. विष लागलेले गांडूळ वेडेवाकडे आळोखेपिळोखे देत पृष्ठभागावर येते आणि उन्हात मरते, किंवा पक्षी ते खातो आणि मग पक्षी मरतो. कार्बोफ्युरॉनचा एक दाणा धान्य समजून टिपला तर लहान पक्ष्याला तेवढा पुरतो.

हे झाले कीटकनाशकाचे. पण मला स्वतःला जास्त चकित केले ते बुरशीनाशकाने. कलिंगडाला मर रोग येऊ नये म्हणून रोपाच्या बुडाशी कार्बेन्डाझिमच्या पाण्याची आळवणी करतात. शेतकऱ्याच्या मनात असते, हे तर बुरशीचे औषध, किड्यामाकोड्यांना याचा काय त्रास? आता दुसरी गोष्ट आठवा. दरवर्षी १० फेब्रुवारीच्या सुमारास शाळा-अंगणवाड्यांत मुलांना जंताची पांढरी गोळी चघळायला देतात. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून होतो. ती गोळी म्हणजे अल्बेंडाझोल. अल्बेंडाझोल आणि कार्बेन्डाझिम ही एकाच कुळातली भावंडे आहेत. नावातले साम्य उगाच नाही. पेशीच्या आत बारीक नळ्यांचा एक सांगाडा असतो. या कुळातली रसायने तो सांगाडा उभाच राहू देत नाहीत. बुरशीची वाढ त्यामुळे थांबते आणि पोटातला जंतही त्याच मार्गाने मरतो. म्हणजे जंताचे औषध ज्या घराण्यातले, त्याच घराण्यातले औषध आपण गांडुळांच्या वस्तीत बादलीने ओततो. गांडुळांच्या दृष्टीने कार्बेन्डाझिम हे अत्यंत घातक औषधांपैकी आहे. इंग्लंडमध्ये १९७० च्या दशकात सफरचंदाच्या बागांत याच कुळातले बेनोमिल फवारत असत. तेथे झाडांखाली गळलेला पाला वर्षभर तसाच पडून राहू लागला. तो ओढून नेणारी गांडुळेच उरली नव्हती. बेनोमिलवर आपल्या देशात २०१८ साली बंदी आली.

जाता जाता एक. मुलाच्या शौचातून गांडूळ पडले, असे सांगत पुष्कळ आया घाबरून येतात. ते गांडूळ नसते, तो गोल जंत असतो. दिसायला तसा असतो एवढेच, त्याच्या शास्त्रीय नावाचाही अर्थ 'गांडुळासारखा' असाच आहे. शेतातले गांडूळ माणसाच्या पोटात राहू शकत नाही. जंताची अंडी येतात ती माणसाच्या मैल्यातून, न धुतलेल्या हातांवरून आणि भाजीवरून. तेव्हा गांडुळाची किळस करून त्याला मीठ टाकून मारणाऱ्या भगिनींनी तो राग संडासाच्या स्वच्छतेवर काढावा.

पुन्हा शेताकडे. औषधाने एकाला मारले की दुसऱ्याचे फावते, हा खेळ फार जुना आहे. डीडीटीच्या काळात शास्त्रज्ञांना एक कोडे पडले होते. जमिनीत डीडीटी घातल्यावर स्प्रिंगटेल कमी व्हायला हवेत, ते उलट वाढले. कारण त्यांना खाणारे माइट डीडीटीने मेले आणि स्प्रिंगटेल मात्र तगले. कलिंगडाच्या शेतातही तसेच होते. फळमाशी फळाला डंख करून आत अंडी घालते. अळी मोठी झाली की फळातून बाहेर पडते, चक्क उड्या मारत जमिनीवर सरकते आणि दोन-चार बोटे खोल मातीत कोष करते. त्या कोषांवर मुंग्या आणि भुंगेरे ताव मारतात. तांबडे भुंगेरे वेलाच्या बुडाशी मातीतच अंडी घालतात, तीही याच शिकाऱ्यांच्या तोंडी पडतात. सरसकट जमिनीत विष ओतले की हे पहारेकरी आधी जातात, कारण ते सारखे हिंडत असतात. कोषातला शत्रू मात्र कवचात निवांत असतो.

फळमाशीसाठी मातीत काही ओतण्यापेक्षा डंखलेली, सडकी फळे रोज गोळा करून दोन फूट खोल पुरणे फार प्रभावी. आणि सापळा लावायचा तर वेलवर्गीय पिकांच्या माशीला क्यू-ल्यूरची गोळी लागते. आंब्याच्या बागेत चालणारी मिथाइल युजेनॉलची गोळी इथे कामाची नाही. दुकानात जी हाताला लागेल ती गोळी घेऊन येणारे आणि मग सापळ्याला नावे ठेवणारे मी पाहिले आहेत.

त्या दादांच्या रानात मी मार्चमध्ये एका रविवारी गेलो. खुरप्याने एक फूट लांब-रुंद आणि एक फूट खोल असा खड्डा केला, माती जुन्या वर्तमानपत्रावर पसरून चाळली. एकही गांडूळ नाही. बांधाकडेला बाभळीखाली खणले, तिथेही दोनच. मी मोठा शोध लागल्यासारखा निष्कर्ष काढायला निघालो, तेव्हा बरोबर आलेले एक सेवानिवृत्त कृषी सहायक हसले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, उन्हाळ्यात गांडूळ खाली जाऊन वेटोळे करून झोपते. मोजायचे तर ऑगस्टात या." म्हणून ऑगस्टात गेलो. पावसाने रान ओले होते. बांधाकडेच्या खड्ड्यात अकरा निघाली. कलिंगड घेतलेल्या पट्ट्यात एक, आणि तेही लहान. शेजारच्या ज्वारीच्या रानात, जिथे गेली काही वर्षे दाणेदार औषध पडले नव्हते, सहा. एका खड्ड्याने शास्त्र सिद्ध होत नाही हे मला समजते. पण दादा त्या वर्तमानपत्राकडे बराच वेळ बघत उभे होते.

केवळ औषधाला दोष देऊन चालणार नाही. नांगर आणि रोटाव्हेटरही जबाबदार आहेत. बैलाच्या नांगराने ढेकळे उलटायची, काही गांडुळे बगळ्यांच्या, मैनांच्या पोटी जायची, बाकीची पुन्हा खाली शिरायची. रोटाव्हेटरची पाती ओल्या मातीत फिरली की तिचे पीठ होते, आणि त्यात जो सापडला त्याचेही. बिळे मोडतात, माती आवळते. गांडुळाचे दोन तुकडे केले की दोन गांडुळे होतात, ही समजूत चुकीची आहे. बहुतेक वेळा दोन्ही तुकडे मरतात, फार तर डोक्याकडचा जगतो. उन्हाळ्यात रान कोरडे असताना खोल नांगरट केली तर गांडुळे तोवर खाली गेलेली असतात आणि वरच्या थरातले फळमाशीचे कोष उन्हात भाजून निघतात. तीच नांगरट वाफशाच्या पुढे, चिखल असताना केली तर शत्रू वाचतो आणि मित्र मरतो. औजार तेच, पण वेळ चुकली.

मल्चिंग पेपरबद्दल मला अनेकदा विचारतात. मी त्याच्या विरोधात नाही. वरची रुपेरी बाजू मावा आणि पांढरी माशी यांना बिचकवते, खालची काळी बाजू तण उगवू देत नाही, ठिबकचे पाणी वाचते, फळ मातीला टेकत नाही. तणनाशक आणि फवारणी कमी झाली तर ते माणसाच्याही फायद्याचे. कागदाखाली ओल टिकते म्हणून काही जीव तिथे गोळाही होतात. पण त्यांना खायला वरून पालापाचोळा पडत नाही, आणि दोन बेडच्या मधली उघडी पट्टी तापून वाळवंट होते. खरी अडचण पीक निघाल्यावर सुरू होते. पंचवीस-तीस मायक्रॉनचा कागद एका पिकानंतर अखंड ओढून काढता येतो. त्यावरच दुसरे, तिसरे पीक घेतले की उन्हाने तो पापडासारखा तडकतो, आणि मग रोटाव्हेटर फिरतो. चिंध्या मातीत जातात. चीनमध्ये फार पातळ कागद वापरून जमिनी प्लास्टिकने इतक्या भरल्या, की तिथल्या सरकारला २०१७ साली जाडीची किमान मर्यादा ८ वरून १० मायक्रॉन करावी लागली. आपला कागद त्याहून जाड आहे, म्हणजे तो पूर्ण काढता येईल ही सोय आपल्याकडे आहे, ती दवडू नये. नेदरलँड्समध्ये वागेनिंगेन विद्यापीठातल्या संशोधकांनी पालापाचोळ्यात पॉलिथिनचे बारीक कण मिसळून गांडुळांना खाऊ घातले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात कणांचे प्रमाण जास्त असताना गांडुळांची वाढ खुंटली आणि मरतूक वाढली. प्रयोगातले प्रमाण शेतात सहसा आढळते त्यापेक्षा मोठे होते, हेही सांगितले पाहिजे.

काढलेला कागद बांधावर पेटवून देण्याची पद्धत मात्र सोडाच. त्या काळ्या धुराने दम्याचे रोगी त्याच रात्री माझ्या दारात येतात. बांधावरचे गवत जळते, आणि तिथेच भुंगेरे, कोळी, गोमी आसऱ्याला असतात. पीक निघाल्यावर ते बांधावर जातात आणि नवीन लागवड झाली की पायी परत येतात. दोन हात रुंदीचा, गवताचा बांध म्हणजे या पहारेकऱ्यांची चौकी. बांध कोरण्याच्या आपल्या जुन्या खोडीने भावकीत किती दावे झाले हे वकिलांना माहीत, चौक्या किती मोडल्या हे कोणी मोजले नाही.

खताचेही तेच. कुजलेले शेणखत हे या वस्तीचे जेवण. कच्चे शेण घातले तर हुमणीला आमंत्रण, आणि ताजे कोंबडीखत घातले तर त्यातला अमोनिया आणि क्षार गांडुळांना भाजतात. काही उत्साही मंडळी गांडूळखताच्या शेडमधली लाल गांडुळे विकत आणून शेतात सोडतात. ते पैसे वाया जातात. ती जात कुजत्या शेणात राहणारी, नुसत्या मातीत ती टिकत नाही. शेतातली गांडुळे वेगळी, मातीरंगाची. ती आणावी लागत नाहीत. त्यांना खायला मिळाले आणि विष थांबले की बांधाकडून आपोआप येतात. वेळ लागतो, एका हंगामात चमत्कार होत नाही. आधी नदीच्या पात्रात वाळूत खड्डे घेऊन कलिंगडे करीत. तिथे वाळूत मुळात फारसे जीव नसत, पण खड्ड्यात भरलेले कुजके शेणखत हीच एक छोटी वस्ती असे, आणि दरवर्षीचा पूर सगळी पाटी कोरी करून जाई. पक्क्या रानात तसा पूर येत नाही. जे घातले ते राहते.

गाठी करणाऱ्या सूत्रकृमीचे काय, हा प्रश्न उरतो. सलग त्याच तुकड्यात कलिंगड, मग काकडी, मग टोमॅटो घेतला तर ती वाढणारच, तिन्ही तिच्या आवडीची पिके. मधे एक हंगाम झेंडूचे सलग पीक घेतल्याने ती कमी होते. बांधावर शोभेला लावलेल्या चार झेंडूंनी होत नाही. निंबोळी पेंडीचाही उपयोग होतो. हे सगळे पुड्यापेक्षा सावकाश आहे आणि दरवेळी हमखास यशाचे नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. ज्याच्यावर कर्ज आहे आणि ज्याचे पीक सत्तर दिवसांत बाजारात जायचे आहे, त्याला मी दवाखान्यात बसून उपदेश करणे सोपे आहे.

मातीत घातलेले औषध मातीतच राहते, फळात येत नाही, अशी समजूत असेल तर १९८५ साल आठवावे. अमेरिकेत ४ जुलै हा स्वातंत्र्यदिन, आणि त्या दिवशी घरोघर कलिंगड कापतात. त्या वर्षी कॅलिफोर्नियात कलिंगड खाल्लेल्या लोकांना मळमळ, जुलाब, घाम, स्नायूंची फडफड सुरू झाली. आजाऱ्यांची संख्या हजाराच्या वर गेली. फळांत आल्डिकार्ब निघाले. हेही कार्बामेट, जमिनीत घालायचे, मुळांतून वर चढणारे. कलिंगडावर ते वापरण्याची परवानगीच नव्हती. राज्यभर कलिंगडांची विक्री थांबवून बाजारातला माल नष्ट करावा लागला. आल्डिकार्बवर आपल्याकडे बंदी आहे. फोरेट, ज्याला आपल्याकडे सगळे थिमेट म्हणतात, त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आली. तरी जुन्या पेटीत, कोठीच्या फळीवर अर्धा डबा पडलेला असतोच. तो वापरू नका, आणि विहिरीत किंवा ओढ्यातही टाकू नका.

ज्यांना औषध घालणे टाळता येत नाही त्यांच्यासाठी. रबरी मोजे घाला, कापडी नकोत. कापडी मोजा औषध शोषून हाताला चिकटवून ठेवतो. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने काम करू नका. तंबाखू मळायची तर आधी साबणाने हात धुवा. पुड्यावर फळ तोडण्यापूर्वी किती दिवस थांबायचे ते लिहिलेले असते, आणि आपल्या पिकाचे नाव त्यावर नसेल तर ते औषध त्या पिकाला नाही. आणि हे काम बाईमाणसाच्या गळ्यात टाकू नका. ती मोजे मागत नाही, डोके दुखले तरी बोलत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीच्या फवारणीत शेतकरी-मजूर दगावले, ते अजून विसरण्याजोगे नाही.

लाळ, घाम, उलट्या, छातीत घुरघुर, बारीक बाहुल्या अशी लक्षणे दिसली तर अंगावरचे कपडे काढा, साबण-पाण्याने सारे अंग धुवा. धुणाऱ्यानेही मोजे घालावेत. रोग्याला कुशीवर झोपवा. मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका, दूध-तूप पाजू नका, चिंचेचे पाणी, कडुलिंबाचा रस यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा आणि औषधाचा पुडा किंवा डबा बरोबर घेऊन या. पुडा हातात असला की डॉक्टरचा अर्धा तास वाचतो.

मुलांना सुटीत हा प्रयोग करू द्या. प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा ठेवा, त्यात जाळी बसवा, जाळीवर बांधाकडची ओंजळभर ओली माती. खाली वाटीत पाणी. वरून जुना तापणारा पिवळा दिवा लावा. नवा एलईडी तापत नाही, तो चालणार नाही. उष्णतेने मातीतले जीव खाली सरकतात आणि रात्रभरात वाटीत पडतात. भिंगातून पाहिले की पाण्यावर तरंगणारे, उड्या मारणारे स्प्रिंगटेल दिसतात. तीच ओंजळ वेलाच्या बुडाशी असलेल्या मातीची घेऊन पुन्हा करा.

त्या बाई परवा रक्तदाब तपासायला आल्या होत्या. यंदा चार गुंठ्यांत दाणेदार औषध न घालता, उसाचे पाचट अंथरून कलिंगड लावले आहे, असे म्हणाल्या. दादांचा विश्वास बसलेला नाही, बाकीचे रान नेहमीसारखेच आहे. चार गुंठ्यांतले वेल जरा मागे आहेत, तांबडे भुंगेरे सकाळी हाताने वेचावे लागतात. ऑगस्टात खड्डा त्या स्वतः खणणार आहेत, आणि मोजायलाही त्याच बसणार आहेत.